आतून लावलेलं डांबर

तेक्ला बुधवार-शुक्रवार कडक पाळायची. त्या दिवशी मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. सकाळी उठून आधी देवमातेच्या तसबिरीपुढचा तेलाचा दिवा, मगच चूल. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यात खंड पडला नव्हता. पण मत्सराला उपास ठाऊक नसतो. तो बुधवारीही पोटभर जेवतो, आणि ज्याच्या घरी जेवतो त्याचंच काळीज खातो. त्या वर्षी तेक्लाच्या मत्सराला ताट वाढलं होतं ते धाकट्या जावेच्या तळघरानं.

अंगण एक, घरं दोन. थोरला अर्सेनी, त्याची बायको तेक्ला. धाकटा पिंतिलिए, त्याची झीना. अंगणामागे टेकडीचा उतार होता, आणि त्या उतारात सासऱ्यानं, म्हणजे इफ्तिमीम्हाताऱ्यानं, तरुणपणी दोन तळघरं खणली होती, शेजारी शेजारी, मऊ पांढऱ्या चुनखडीच्या दगडांची. दोन मुलगे, दोन तळघरं. त्या मुलुखात तळघराशिवाय घर नाही. हिवाळ्याचे बटाटे तिथे, बीट तिथे, खारवलेल्या कोबीचं पिंप तिथे, आणि वाइन तर तिथेच. मुलगी द्यायला आलेले लोक आधी मुलाच्या तळघरात उतरतात, मग वर येऊन मुलाचं तोंड बघतात.

दोन्ही तळघरं वर्षानुवर्षं सारखीच रडायची. पाऊस लागला की उताराचं पाणी दगडातून पाझरायचं, भिंतीवर बुरशीची हिरवट लव यायची, खालच्या ओळीतले बटाटे काळे पडायचे. तेक्ला म्हणायची, "तळघर आहे, ओल असायचीच. वाइनला बरी असते." आणि झीनाच्याही भिंती रडत होत्या तोवर तेक्लाला खरोखर ती ओल कधी खुपली नाही.

मग झीना इटलीहून परतली. तिकडे पादोव्हात एका म्हातारीची सेवा करायला ती गेली होती. म्हातारी देवाघरी गेली तशी ही घरी आली. येताना काय आणलं? लोकांना वाटलं कपडे आणेल, भांडी आणेल. झीनानं आणलं ते एक वेड. म्हातारीच्या घराखाली कोरडं ठणठणीत तळघर होतं म्हणे, भिंतीला हात लावला तर हाताला नुसता चुना लागायचा. "मलाही तसंच पाहिजे," ती म्हणाली, आणि ऐन उन्हाळ्यात माणसं लावून तिनं तळघराच्या बाहेरून, पार पायापर्यंत, चर खणायला घेतला.

तेक्ला स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. बघायचं नाही असं ठरवून बघायची. माणसांनी दगड घासले, त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला, गिलावा वाळू दिला, मग काळंभोर डांबर फासलं, त्यावर फोड आल्यासारखा दिसणारा जाड प्लास्टिकचा पत्रा लावला. तळाशी भोकाभोकांचा पाइप कापडात गुंडाळून खडीत पुरला आणि त्याचं तोंड खालच्या ओघळीत सोडलं. पाणी भिंतीला शिवायच्या आधीच वाटेला लागावं, अशी ती युक्ती.

चर उघडा होता तेव्हाच एक दिवस झीना घामानं निथळत दारात आली. "तेक्लाताई, एक बोलू? माणसं आहेत, चर खणलेला आहे. चार हात पुढं नेला की तुमची भिंतही होऊन जाईल. एकाच उताराचं पाणी आहे, एकाच कामात मिटेल."

तेक्लाच्या तळघरात त्या वसंतात घोट्याइतकं पाणी साचलं होतं. तिनं आणि अर्सेनीनं ते बादल्यांनी उपसलं होतं.

"आमच्या तळघराला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "आमचं आहे तसं छान आहे. तुम्हा इटलीवाल्यांची बात निराळी."

"ताई, मी आपलं म्हटलं..."

"म्हटलंस ना? मी ऐकलं."

झीना गेली. तेक्लानं अर्सेनीला यातलं काही सांगितलं नाही. त्याला सांगितलं असतं तर तो "बरं झालं, लगेच हो म्हण" म्हणाला असता. त्याचा स्वभावच तसा, दिलेलं घ्यायला त्याला कधी लाज वाटली नाही. चर बुजला. वर झीनानं झेंडू लावले.

आणि मग शरद आला, तो ओलाच आला. द्राक्षं उतरवून झाली, रस पिंपात फसफसून शांत झाला, आणि पाऊस काही थांबेना. तेक्ला एके सकाळी मेणबत्ती घेऊन तळघरात उतरली. नव्या वाइनच्या दिवसांत तिथे सगळे मेणबत्ती घेऊनच उतरतात. ज्योत विझू लागली तर हवा वाईट, मागं फिरायचं. ज्योत नीट होती. पण त्या ज्योतीत खाली काय चमकलं, तर पाणी. कोबीचं पिंप तळ्यातल्या बेटासारखं उभं होतं.

"हे तिचं पाणी आहे," ती वर येऊन अर्सेनीला म्हणाली. "तिच्या भिंतीनं अडवलं आणि माझ्याकडं ढकललं."

"तिचं पाणी ओघळीत जातं. मी स्वतः पाइपचं तोंड पाहिलंय, धो धो वाहतंय," अर्सेनी बूट चढवता चढवता म्हणाला. "हे आपलंच आहे. दरवर्षीचं."

"दरवर्षी एवढं नसतं!"

"दरवर्षी एवढा पाऊस नसतो." तो जरा थांबला. मग खाली बघत, बुटाच्या नाडीशीच बोलल्यासारखं म्हणाला, "तेक्ला, मी काय म्हणतो, यंदा संत दुमित्रूच्या दिवशी पहिली सुरई झीनाच्या तळघरातून काढली तर? बाबांना आता पायऱ्या उतरवत नाहीत ते सोड, पण पाहुणे उतरतील. त्यांना काय चिखलात उभं करायचं?"

 तेक्लाच्या हातातली मेणबत्ती अजून जळत होती आणि मेण बोटांवर ओघळत होतं, तेही तिला कळलं नाही.

संत दुमित्रूचा दिवस म्हणजे त्या गावाचा सण. त्या दिवशी घरोघरी दारं उघडी, घरोघरी पानं मांडलेली. आणि इफ्तिमीच्या घराण्याची रीत अशी, की नव्या वाइनची पहिली सुरई थोरल्या सुनेच्या हातची, थोरल्या तळघरातली. सासूनं मरायच्या आधीच्या सणाला ती सुरई तेक्लाच्या हाती दिली होती. बाकी तेक्लाजवळ मिरवण्यासारखं होतं तरी काय? झीनाजवळ इटलीच्या गोष्टी होत्या, झीनाजवळ हसणं होतं, झीना अंगणात आली की कुत्रंसुद्धा आधी तिच्याकडे धावायचं. तेक्लाजवळ ती एक सुरई होती.

अर्सेनी उत्तरेकडच्या बागांत सफरचंदं भरायला आठवडाभर गेला. ट्रक फाटकाबाहेर पडला नि तेक्ला बाजारची बस पकडायला निघाली.

दुकानदाराला तिनं झीनाच्या अंगणात पाहिलेला डबा बरोब्बर वर्णन करून सांगितला. काळा, वर लाल पट्टी. "माझ्या जावेच्या भिंतीला लावलंय तेच पाहिजे. तेच. दुसरं नको."

"बाहेरून लावायचं की आतून, मावशी?"

"भिंतीला लावायचंय!"

"तसं नव्हे. भिंत ओली आहे की कोरडी?"

"ओली आहे म्हणून तर घेतेय ना? कोरड्या भिंतीला कोण कशाला लावील?"

दुकानदारानं खांदे उडवले. मागं रांग होती.

त्या मुलुखात बायका सणाच्या आधी घर स्वतः रंगवतात, चुना स्वतः कालवतात, त्यामुळे ब्रशाची तिला भीती नव्हती. तिनं पाणी उपसलं, भिंती फडक्यानं पुसल्या आणि डबा उघडला. वासानं डोळ्यांतून पाणी आलं. शहाण्या बाईनं दार उघडं ठेवलं असतं. पण दार उघडलं तर वास अंगणात जाणार, अंगणातून झीनाच्या नाकात, आणि मग झीना दाराशी येऊन म्हणणार, "ताई, आतून?" तेवढा एक शब्द ऐकायची तेक्लाची तयारी नव्हती. तिनं दार आतून ओढून घेतलं. भिंतीतल्या वाऱ्याच्या भोकातही गोणपाट कोंबलं.

ती फासत राहिली. डोकं गरगरलं की पायऱ्या चढून बाहेर यायची, दार झटकन मागं लावायची, अंगणात दोन श्वास घ्यायची, पुन्हा आत. मनात प्रार्थना म्हणायची सवय होती, ती चालूच होती. पण प्रार्थनेच्या मधेमधे झीनाचे झेंडू येत होते. "हे देवा, दया कर... नाकावर टिच्चून फुलवलेत मेलीनं... दया कर." सगळं काळं झालं तेव्हा तिला फार बरं वाटलं. भिंत मेणबत्तीच्या उजेडात चकाकत होती. झीनाचं डांबर मातीखाली गाडलेलं, कुणाला दिसत नाही. माझं दिसतंय, तिला वाटलं.

सणाच्या आदल्या दिवशी ती फरशी धुवायला उतरली तेव्हा भिंतीला फोड आले होते. काळ्या कातडीखाली काहीतरी हलल्यासारखे, मुठीएवढे फोड. तिनं एकाला बोट लावलं. तापल्या दुधावरची साय सुटावी तसं डांबर सुटून बोटाला चिकटून आलं आणि मागून पाण्याची चिळकांडी थेट तिच्या छातीवर उडाली. पाणी गेलं नव्हतंच कुठं. ते आपलं दगडाच्या पोटात बसून वाट बघत होतं.

हेही तिनं सोसलं असतं. पाहुण्यांना उतरू दिलं नसतं, म्हणाली असती जिना निसरडा झालाय. पण मग तिनं पिंपाची तोटी उघडून पेलाभर वाइन घेतली आणि ओठांना लावली.

नव्या सडकेवर डांबर ओतत असताना शेजारून जावं, तशी चव. तिनं चूळ भरून थुंकली. पुन्हा घेतली. पुन्हा तीच. नवी वाइन तान्ह्या मुलासारखी असते, आसपासचं सगळं अंगाला लावून घेते. पिंपाचं लाकूड श्वास घेतं, वरचं बूच अजून सैल होतं, आणि हिनं दार-भोक बंद करून आठवडाभर तिला तोच एक वास पाजला होता. कोबीचं झाकण उघडलं. त्यालाही वास.

तेक्ला शेवटच्या पायरीवर बसली. तिला रडू आलं नाही. तिच्या मनात एकच विचार आला, आणि तो इतका साधा होता की तिला त्याची भीतीही वाटली नाही: उद्या सगळे झीनाकडे उतरतील.

सकाळी देवळाच्या घंटा वाजू लागल्या. रात्री उशिरा परतलेला अर्सेनी नवा कोट घालून तयार होता. "चल ना."

"तू हो पुढं. चुलीवर मांस आहे, जळेल."

"तू? संत दुमित्रूच्या दिवशी प्रार्थनेला नाही?" त्यानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. "आणि घरात वास कसला येतोय गं?"

"चूल धुरकटलीय. जा तू."

अंगण रिकामं झालं. पिंतिलिए म्हाताऱ्याला हाताला धरून गेला, झीना सणाचा गोल पाव रुमालात घेऊन त्यांच्या मागं. फाटक वाजलं. घंटा वाजतच होत्या. तेक्लानं सुरई पदराखाली लपवावी तशी शालीखाली घेतली आणि झीनाच्या तळघराच्या दाराशी गेली. किल्ली कुठं असते ते तिला ठाऊक होतं, दाराच्या चौकटीवर. दोन्ही घरांच्या किल्ल्या तिथंच असायच्या, एकमेकींपासून लपवायची रीत नव्हती.

आत दिवा होता, बटण दाबलं की लागणारा. पांढऱ्याशुभ्र भिंती. बटाट्यांवर कोरडी माती. बरण्या ओळीनं. तेक्लाला घाई करायला हवी होती, पण ती आधी भिंतीशी गेली. हात ठेवला. हाताला चुना लागला. ती पुढच्या भिंतीशी गेली, कोपऱ्यात वाकली, पिंपाच्या मागं मान घालून पाहिलं. एक डाग. देवा, एक तरी डाग दाखव. बोटाएवढी ओल, एक हिरवा ठिपका, काहीही. तिनं असं कधी देवाजवळ कशासाठी मागितलं नव्हतं, स्वतःच्या दुखण्यातसुद्धा नाही. डाग नव्हता.

तिनं तोटी उघडली, सुरई भरली.  तोटी बंद करून ती वर आली तेव्हा घंटा थांबल्या होत्या.

पानं तेक्लाच्या घरी मांडली होती. मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा-भात, पालेभाजी आणि चीज भरलेल्या पोळ्या, म्हणजे प्लाचिंता, झीनानं आणलेला पाव. शेजारचा गाव्रिल आला होता. त्याला तोंड मिटून बसायला सांगितलं तर तो आजारी पडला असता.

"तेक्लाबाई," तो खुर्ची ओढत म्हणाला, "तळघरात नाही नेणार? मी तर काठी घेऊन आलोय, पोहायला!"

सगळे हसले. अर्सेनीनं मान खाली घातली.

"जिना निसरडा झालाय," तेक्ला म्हणाली. "सुरई वर आणलीय."

अर्सेनीनं तिच्याकडं पाहिलं. म्हणजे झीनाकडची काढायचं हिनं ऐकलं नाहीच, असं त्या नजरेत होतं. पण सणाचं पान होतं, त्यानं आपला पेला पुढं ओढला.

इफ्तिमीनं पेला हातात घेतला, मेलेल्यांसाठी थेंबभर पावावर सांडला, बायकोचं नाव पुटपुटला आणि एक घोट घेतला. तोंडात घोळवला. डोळे मिटले. 

"अरे," म्हातारा म्हणाला, आणि डोळे उघडले तेव्हा त्यात पाणी होतं. "अरे, ही तर तिची आहे. तुमच्या आईची. तिच्यानंतर अशी या घरात झाली नव्हती."

"बघू, बघू," गाव्रिलनं पेला एका दमात रिकामा केला. "काका, खरं आहे! तेक्लाबाई, एवढी वर्षं आम्हाला व्हिनेगर पाजत होतात काय?"

"हात बसावा लागतो," म्हातारा म्हणाला. तो आता रंगात आला होता. "पोरी झीना, राग मानू नकोस हं. तू तळघर झक्क केलंस. फरशीवर झोपावं असं केलंस. पण तळघर दगडाचं असतं, वाइन हाताची असते. इटलीत हात मिळत नाहीत. हा हात बघ, थोरलीचा."

आणि त्यानं तेक्लाचा हात उचलून सगळ्यांना दाखवला.

झीनानं पेला ओठांना लावला होता. ती एक घोट प्यायली आणि तशीच राहिली. मग पेला खाली ठेवून, काठावरून बोट फिरवत म्हणाली, "खरं आहे, बाबा. फार छान झालीय."

तेक्लाला जन्मभर हवं होतं ते हेच. झीनासमोर, भरल्या पानावर, सासऱ्याच्या तोंडून. आणि ते मिळालं तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते तिला मिळालंच नव्हतं. आईसारखी, तिच्यानंतर अशी झाली नव्हती, हात बसावा लागतो: एकेक शब्द तिच्या कानाला लागून पलीकडे, पावाच्या पलीकडे बसलेल्या त्या बाईच्या पदरात पडत होता. तेक्ला स्वतःच्याच स्तुतीवर जळत होती. असा मत्सर कुणी केला नसेल. हात अजून म्हाताऱ्याच्या हातात होता आणि तो तिला परक्याचा वाटत होता.

"सुरई संपली!" गाव्रिलनं ती उलटी करून दाखवली. "दुसरी धाकटीनं आणायची ना? रीत आहे."

"रीत आहे," म्हातारा म्हणाला. "त्याच पिंपातून. जा झीना."

"मी आणते," तेक्ला ताडकन उठली.

"अगं, तू बस. तू केलंस तेवढं पुरे."

झीनानं सुरई उचलली होती. "याल का माझ्याबरोबर, ताई? जिना निसरडा आहे म्हणता, मला धरायला कुणीतरी हवं."

दोघी तळघराच्या दाराशी आल्या. दार उघडलं तसा झीनानं नाकाला रुमाल लावला, पण ती उतरली. मेणबत्तीच्या उजेडात भिंती दिसल्या, काळ्या, फोड आलेल्या, सोललेल्या, आणि त्यांवरून संथपणे उतरणारं पाणी. झीनानं मेणबत्ती भिंतीजवळ नेली. तेक्ला पायरीवरच उभी राहिली.

"आतून लावलंत," शेवटी झीना म्हणाली.

"हो."

"ताई, हे म्हणजे माणूस भिजून चिंब झाल्यावर त्याला रेनकोट घालायचा. पाणी अडवायचं तर ते येतं तिकडून अडवायला हवं ना."

"तू सांगणारच. तुझीच वाट बघत होते."

"मी जुलैत सांगितलं होतं."

"ठाऊक आहे जुलैत सांगितलं होतंस!" तेक्लाचा आवाज दगडांत घुमला. "बोल आता. वर जाऊन बोल. चोर म्हण मला."

झीनानं मेणबत्ती पिंपावर ठेवली. "देवळातून आल्यावर मी खाली उतरले होते, बटाटे आणायला. तोटीखाली लाल डाग होता, ओला. तुमच्या तळघरात सांडलं असतं तर कुणाला दिसलंही नसतं. माझ्याकडं लगेच दिसतं." ती थोडी हसली. "मला वाटलं पिंतिलिएनं चोरून प्यायली. त्याला शिव्यासुद्धा घातल्या. वर येऊन घोट घेतला तेव्हा कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"कशाला? बाबा रडत होते." ती सुरईशी चाळा करत होती. "मी मागच्या बाजूनं जाते, माझ्याकडून भरून आणते. कुणाला कळणार नाही. चर वसंतात खणू, तुमची वाइन ओतून टाकू, म्हणू आंबली. झालं."

तेक्ला तिच्याकडं बघत राहिली.

"आणि खरं सांगू?" झीना खालच्या आवाजात म्हणाली. तिचे गाल तापल्यासारखे दिसत होते. "मला छान वाटलं. मी तिकडं असताना आई गेल्या, मला मातीही देता आली नाही. आणि आज बाबा म्हणाले, त्यांची चव माझ्या... म्हणजे तुमच्या नावानं म्हणाले, तरी काय झालं. मला कळलं ना. पुरे."

आता बोलायचं काय उरलं? स्तुती तिची, वाइन तिची, आणि वर मोठेपणही तिचंच. आज ती गप्प राहणार, उद्या गप्प राहणार, प्रत्येक सणाला पावाच्या पलीकडून मान खाली घालून गप्प राहणार, आणि तेक्लानं त्या गप्प राहण्याचं ओझं मरेपर्यंत वाहायचं. डांबराच्या वासात उभी राहून तेक्लाला एकाएकी वाटलं, ही बाई चोर म्हणाली असती तर सोसलं असतं. हे सोसायचं नाही.

तिनं झीनाच्या हातातली सुरई हिसकावून घेतली आणि पायऱ्या चढू लागली.

"ताई! अहो ताई, रिकामी आहे ती!"

खोलीत गाव्रिल कसलीशी गोष्ट सांगत होता. तेक्लानं रिकामी सुरई पानांच्या मधोमध ठेवली. गोष्ट थांबली.

"आत्ता प्यायलात ती वाइन झीनाची होती," ती म्हणाली. तिला हळू बोलायची सवय होती, आणि आताही ती हळूच बोलली. "तुम्ही देवळात होता तेव्हा मी तिच्या पिंपातून काढली. माझ्या वाइनला डांबराचा वास लागलाय. मी भिंतीला आतून डांबर लावलं, दार बंद करून. ते सुटलंय. खाली पाणी आहे. अर्सेनी, झीनानं उन्हाळ्यात आपली भिंतही करते म्हणून विचारलं होतं. मी नको म्हटलं. तुला सांगितलं नाही."

 पिंतिलिएनं तोंडात घातलेला घास तसाच गालात धरून ठेवला. अर्सेनीचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा.

"नको म्हटलंस?" तो म्हणाला. "दिलेलं? आणि मी खाली बादल्या..."

"हो."

"का?"

तेक्लानं दारात येऊन उभ्या राहिलेल्या झीनाकडं मानेनं दाखवलं. "ती होती म्हणून."

एवढं साफ उत्तर कुणी अपेक्षिलं नव्हतं. गाव्रिलला खोकल्याची उबळ आली. ती खोकल्याची नव्हती, पण त्यानं ती खोकल्यात नेऊन बुडवली. म्हातारा इफ्तिमी मात्र पेल्याकडं बघत होता. पेल्याच्या तळाशी दोन थेंब उरले होते, ते त्यानं फिरवून पाहिले.

"म्हणजे मी झीनाला झीनाच्या वाइनवरून टोमणे मारले," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"आणि तू गप्प ऐकून घेतलंस?" हे झीनाला.

"सणाचा दिवस होता, बाबा."

म्हाताऱ्यानं दोन्ही सुनांकडं पाहिलं, आधी एकीकडं, मग दुसरीकडं. शेवटी त्यानं सुरई उचलली. ती कुणाला द्यायची, हे सगळ्यांना कळत होतं आणि तेक्लालाही कळत होतं. पण त्यानं ती पुढं करायच्या आत तिनंच त्याच्या हातून घेतली. इतकी वर्षं धरलेली ती सुरई तिनं झीनापुढं धरली. 

"घे. पहिली आता तुझ्याकडची. पुढच्या वर्षीही."

"ताई, असं नका. मला..."

"गोड बोलू नकोस," तेक्ला म्हणाली. "आत्ता या घडीला गोड बोललीस तर ही सुरई तुझ्या डोक्यात घालीन. आण भरून."

गाव्रिलचा खोकला आता आवरेना. पिंतिलिए घास गिळून फसकन हसला, आणि त्याच्यामागून झीनाही, डोळे पुसत. अर्सेनी हसला नाही. तो उठला आणि बाहेर पडला. खिडकीतून दिसलं की तो झीनाच्या झेंडूंच्या ओळीपाशी उभा राहून त्यांच्या टोकापासून स्वतःच्या भिंतीपर्यंत पावलं टाकतोय, मोजतोय, आणि मोजताना स्वतःशीच काही तरी रागानं बोलतोय. तो राग बरेच दिवस पुरणार होता. तेक्लानं तो मनातल्या मनात पत्करला.

झीना भरलेली सुरई घेऊन आली. तिनं सासऱ्याचा पेला भरला, गाव्रिलचा भरला, नवऱ्याचा भरला. तेक्लासमोर येऊन ती थबकली. भरू की नको, असं.

"भर ना," म्हातारा म्हणाला. "बिचारीनं चोरून आणली, पण चाखली कुठं?"

खरंच, तिनं चाखली नव्हती. सकाळपासून सुरई तिच्या हातात होती, आणि तिनं थेंबही जिभेला लावला नव्हता. तिनं पेला उचलला, छातीवर क्रूसाची खूण केली आणि प्यायली.

वाइन चांगली होती. सासूच्या हातची होती तशीच, शेवटी किंचित तुरट. एखादा दोष सापडेल म्हणून तेक्लानं तो घोट तोंडात बराच वेळ ठेवला. मग गिळला. छातीत जळलं, आणि ते वाइनमुळं नव्हतं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"कशी आहे, ताई?" झीनानं विचारलं.

तेक्लानं रिकामा पेला पुढं केला. "अजून घाल," ती म्हणाली. "म्हणजे नीट सांगते."